छेद न देता पाहणारा प्रकाश

तंबाखूला कधी न शिवलेले कितीतरी व्यापारी ठाण्या-डोंबिवलीच्या पेढ्यांवर दिवसभर सुपारी चघळताना दिसतात. सुपारी म्हणजे मुखशुद्धी, अशी आपली समजूत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मात्र २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. गालाच्या आत पांढरा चट्टा उठतो, तिखट सोसत नाही, तोंड पूर्वीइतके उघडत नाही. तरी माणूस डॉक्टरांकडे जाणे लांबवतो. तुकडा काढून तपासतील, ही धास्ती! त्यात ‘सुरी लागली की रोग पसरतो’ हा जुना गैरसमज.

या धास्तीवर उतारा ठरू शकेल असे संशोधन आपल्या शेजारीच झाले आहे. खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतील डॉ. मुरली कृष्ण चिलकापती व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशतंतूंची बारीक शलाका रुग्णाच्या गालाला आतून टेकवून पाहिली. तिच्यातून ७८५ नॅनोमीटरचा लेसर किरण ऊतीवर पडतो. विखुरलेला बहुतेक प्रकाश होता तसाच राहतो. अत्यल्प अंश मात्र तेथील रेणूंना भेटून तरंगलांबी बदलून परततो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात दाखविलेला परिणाम तो हाच. निरोगी गालाच्या वर्णपटात स्निग्ध पदार्थांची खूण ठळक, तर रोगट गाठीत प्रथिनांची. टोचणे नाही, कापणे नाही. नोंद काही सेकंदांत. कर्करोगपूर्व चट्टेही असे ओळखता येतात, हे त्यांच्या २०१२ सालच्या निबंधात नमूद आहे.

काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वळवून नेण्याची किमया मोगा येथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह लंडनमध्ये साधली. ‘नेचर’मधील त्यांचा निबंध १९५४चा. तीनच वर्षांनी पोटात उतरणारी लवचीक दुर्बीण अमेरिकेत वापरात आली. कपानींचे नाव आपल्या घराघरांत अद्याप का पोहोचले नाही, हे कोडेच आहे.

ही शलाका अजून नाक्यावरच्या दवाखान्यात आलेली नाही, आणि अखेरची खात्री आजही तुकडा तपासूनच होते. तो तांदळाच्या काही दाण्यांएवढा असतो, जागा बधिर करून घेतात, आणि त्याने रोग पसरत नाही. सुपारीने एकदा आखडलेले तोंड पूर्ववत होणे मात्र फार कठीण. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण वा न गेलेला चट्टा दंतवैद्यांना दाखवावा. पहिल्या तपासणीला त्यांना आरसा, प्रकाश आणि चार मिनिटे पुरतात.