सनरूफमधलं पाणी जातं कुठे?

सनरूफ बंद केलं की पाणी आत येतच नाही, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नसतं. काचेभोवतीचं रबर बरंचसं पाणी अडवतं, सगळं नाही. गाडी बनवणाऱ्यांनी हे गृहीतच धरलेलं असतं. झिरपलेलं पाणी काचेखालच्या पन्हळीत उतरतं. तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या बारीक नळ्या खांबांच्या पोकळीतून खाली येतात आणि ते गाडीबाहेर सोडतात. कौलारू घराच्या पागोळ्यांना पन्हळ लावतात, तीच ही युक्ती.

गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल, तर त्याची इवलीशी पानं धुळीत कालवून नळ्यांच्या तोंडाशी बसतात. मग जोरदार सरीत पन्हळ भरून वाहते. छताचं कापड डागाळतं, पाणी गालिच्याखाली साचतं. वरून कोरडं वाटलं तरी खालचा स्पंज कितीतरी दिवस ओला राहतो. कुबट वास येतो, वायरींचे जोड गंजतात. खरं नुकसान हेच. अशा वेळी नुसतं रबर बदलून काही होत नाही.

मृगाआधी सनरूफ उघडा, पन्हळ ओल्या फडक्याने पुसा आणि कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता. खाली थेंब पडले तर ठीक. नाही पडले तर मेकॅनिककडून नळी साफ करून घ्या. टोकदार तार मात्र खुपसू नका. नळी आतच फाटते.