पूर्णा एक नव्हे, दोन!
बुलडाणा जिल्ह्यातील नामसाधर्म्याच्या नद्या आणि गावे

प्रतिनिधी, बुलडाणा

‘पूर्णेला पूर आला’ एवढेच वाक्य बुलडाणा जिल्ह्यात अपुरे ठरते. कोणत्या पूर्णेला, हा प्रश्न लगेच पुढे येतो. जिल्ह्याच्या उत्तरेस एक पूर्णा आहे आणि दक्षिणेस दुसरी. दोघींचा उगम वेगळा, खोरे वेगळे आणि शेवट तर दोन वेगवेगळ्या समुद्रांत. पहिलीचे पाणी अरबी समुद्राला मिळते, दुसरीचे बंगालच्या उपसागराला. जिल्ह्यातील सिंचन, पाणीपुरवठा आणि पूरनियंत्रण यांविषयीची कोणतीही चर्चा या दोन नावांची उकल केल्याशिवाय नीट समजत नाही.

उत्तरेची पूर्णा मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतून ती बुलडाणा जिल्ह्यात येते. शेगाव, नांदुरा व मलकापूर हे तालुके तिच्या दक्षिणेला, तर संग्रामपूर व जळगाव जामोद उत्तरेला आहेत. पुढे जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेव येथे ती तापीला मिळते. तिच्या काठचा प्रदेश खोल गाळाच्या जमिनीचा आहे. भूगर्भातील खाऱ्या पाण्यामुळे ‘खारपाण पट्टा’ म्हणून ओळखला जाणारा भाग याच खोऱ्यात येतो. नांदुरा तालुक्यातील जिगाव प्रकल्प याच पूर्णेवरचा.

दुसरी पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगेतील. जालना जिल्ह्यातून ती बुलडाण्याच्या दक्षिण भागात येते आणि देऊळगाव राजा, सिंदखेड राजा व लोणार तालुक्यांच्या परिसरातून वाहते. येथे तिला ‘खडकपूर्णा’ म्हणतात. देऊळगाव मही येथील धरणही याच नावाने ओळखले जाते. त्याच्या जलाशयाला संत चोखामेळा यांचे नाव देण्यात आले आहे. परंपरेनुसार चोखोबांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणा राजा याच देऊळगाव राजा तालुक्यात आहे. पुढे परभणी जिल्ह्यात येलदरी आणि हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर ही धरणे भरून ही नदी गोदावरीला मिळते. परभणी जिल्ह्यातील पूर्णा या गावाला नाव मिळाले ते या नदीचेच.

एका नावाचे दोन प्रकल्प

घोटाळा केवळ नद्यांपुरता राहत नाही. येलदरी व सिद्धेश्वर या धरणांच्या योजनेला ‘पूर्णा प्रकल्प’ म्हणतात. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यातील विश्रोळी येथेही ‘पूर्णा प्रकल्प’ आहे, पण तो तापीच्या खोऱ्यात. बातमीत नुसते ‘पूर्णा प्रकल्पातून विसर्ग’ असे आले, तर सावध कोणी व्हायचे? विश्रोळीच्या खालच्या गावांनी की येलदरीच्या? शेजारच्या गुजरातमध्ये डांग व नवसारी जिल्ह्यांतून वाहत थेट अरबी समुद्राला मिळणारी तिसरी पूर्णा आहे, ती निराळीच.

खोरे कोणते, यावर पाण्याचा हिशेबही अवलंबून असतो. गोदावरीच्या पाण्याची राज्याराज्यांतील वाटणी गोदावरी पाणीतंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्यानुसार होते. त्यामुळे खडकपूर्णा आणि पैनगंगा यांचे पाणी त्या निवाड्याच्या कक्षेत येते. उत्तरेच्या पूर्णेचे पाणी तापी खोऱ्यातील असल्याने त्या निवाड्याशी तिचा संबंध नाही.

चार गंगा, दोन दिशा

बुलडाण्यात ‘गंगा’ही अनेक आहेत. मराठीत गंगा हे विशेषनाम असले तरी नदी या अर्थाने ते सामान्यनामासारखेही वापरले जाते. त्यातून नळगंगा, ज्ञानगंगा, विश्वगंगा आणि पैनगंगा ही नावे आली. यांपैकी पहिल्या तिघी घाटाखाली उतरून उत्तरेच्या पूर्णेला मिळतात. पैनगंगा मात्र बुलडाण्याजवळ मढ परिसरात उगम पावून मेहकरकडे वळते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. बुलडाणा शहराला पाणी देणारे येळगाव धरण हे पैनगंगेवरचे.

हा भेद आज अधिक महत्त्वाचा झाला आहे, कारण ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्द धरणातील पाणी सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्यांतून बुलडाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत आणण्याची ही योजना असून, सहा जिल्ह्यांतील सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर क्षेत्राला तिचा लाभ अपेक्षित आहे. वैनगंगा आणि पैनगंगा या नावांत एका अक्षराचाच फरक असल्याने गल्लत सहज होते. वैनगंगा पूर्व विदर्भातून वाहते. तिच्या आणि वर्धेच्या संगमातून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. म्हणजे बुलडाण्यात जन्मलेल्या पैनगंगेचे पाणी अखेर वैनगंगेच्याच पाण्यात मिसळते. आणि वैनगंगेचे पाणी उलट दिशेने नळगंगेत, म्हणजे तापीच्या खोऱ्यात आणायचे आहे. दोन्ही नावांत ‘गंगा’ असली तरी हे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पाणी नेणे आहे.

‘राजा’ आणि ‘जामोद’

गावांची स्थिती निराळी नाही. पिंपळ असलेले गाव पिंपळगाव, देऊळ असलेले देऊळगाव. पिंपळ आणि देऊळ गावोगावी असल्याने नावेही गावोगावी झाली. जिल्ह्यातच पिंपळगाव राजा, पिंपळगाव काळे, पिंपळगाव सराई आणि पिंपळगाव देवी अशी गावे आहेत. देऊळगाव राजा, देऊळगाव मही, देऊळगाव साकर्षा आणि देऊळगाव कुंडपाळही आहेत. येथे गावाची खरी ओळख पहिला शब्द सांगत नाही, ती दुसरा शब्द सांगतो.

जिल्ह्याच्या १३ तालुक्यांपैकी तीन तालुक्यांच्या नावांत असे दुसरे शब्द आहेत. जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा आणि धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा ही दोन्ही तालुक्यांची ठिकाणे. जळगाव जामोदला शेजारच्या जामोद गावाचे नाव जोडले गेल्याने ते खानदेशातील जळगावपासून वेगळे ओळखता येते. मलकापूरला मात्र अशी जोड मिळाली नाही. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्याचे आणि सातारा जिल्ह्यातील कराडजवळचे अशी दोन मलकापुरे सांगताना तालुका-जिल्हा सांगण्यावाचून गत्यंतर नसते.

एकाच नावाची गावे शेजारी असतील तर ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ ही पदे कामी येतात. दोन्ही मुळात फारसी. खुर्द म्हणजे लहान आणि बुजुर्ग म्हणजे थोर; बुजुर्गचेच मराठीत बुद्रुक झाले. गोसीखुर्द या धरणाच्या नावातला खुर्दही तोच.

पिनकोडचे मूळ

टपाल खात्याला हा घोळ फार पूर्वीच जाणवला. सारखी गावनावे, अपुरे पत्ते आणि निरनिराळ्या लिप्या यांवर उपाय म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा अंकी पिनकोडची पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अमलात आली. सिंदखेड राजाचा पिनकोड ४४३२०३, तर शिंदखेड्याचा ४२५४०६. पाकिटावर नाव अर्धवट लिहिले तरी हे आकडे पत्र योग्य जागी पोहोचवतात. जनगणना आणि पंचायत राज मंत्रालयाची नोंदणी यांमध्येही प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक असतो.

ही केवळ महाराष्ट्राची कथा नव्हे. रुमानियात बिस्त्रित्सा नावाची एक नदी सिरेत नदीला मिळते, दुसरी सोमेश नदीच्या खोऱ्यात वाहते आणि तिच्या काठच्या शहराचे नावही बिस्त्रित्साच. स्लाव भाषांत या शब्दाचा अर्थ वेगाने वाहणारी. इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या अनेक नद्या आहेत. जुन्या केल्टिक भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘नदी’. माणसे समोर दिसले ते नाव देतात, आणि समोर दिसणारे अनेक ठिकाणी सारखेच असते.

म्हणून सारखी नावे ही चूक मानण्याचे कारण नाही. अडचण उद्भवते ती जोडशब्द गळल्यावर. लोकांनी ‘खडकपूर्णा’ म्हणताना नदीच्या पात्राचे वर्णन तर केलेच, शिवाय तिला दुसऱ्या पूर्णेपासून वेगळेही केले. हे काम एका शब्दाने होते. धरणाच्या विसर्गाची सूचना असो वा नदीजोडचा आराखडा, तो एक शब्द टाळला तर वाचणाऱ्याला आपले पाणी कोणते, हेच कळणार नाही.