नव्या शहराची ओळख आणि वृत्तछायाचित्रकाराची दृष्टी : एक विवेचन

प्रस्तावना

शिक्षण, नोकरी वा विवाह यांच्या निमित्ताने मनुष्य एक गाव सोडून दुसऱ्या गावी राहावयास जातो, तेव्हा आरंभीच्या काही दिवसांत त्याची नजर विलक्षण जागी असते. प्रस्तुत लेखक नोकरीनिमित्त अकोल्याहून अमरावतीस आला तेव्हा त्यास हाच अनुभव आला. अकोल्यातील मोर्णेवरचा पूल आणि ताजनापेठेतील गर्दी वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असूनही कधी निरखून पाहिली गेली नव्हती. अमरावतीत मात्र परकोटाची भिंत, जवाहर गेटमधून आत शिरणाऱ्या भाजीच्या हातगाड्या आणि इतवाऱ्यातील बाजार उठल्यानंतर रस्ता झाडणाऱ्या स्त्रिया पहिल्या आठवड्यातच ठळकपणे लक्षात राहिल्या. मूळच्या अमरावतीकर सहकाऱ्यांपाशी या स्त्रियांचा विषय काढला असता, त्या दिसतात खऱ्या, पण आपण त्यांच्याकडे कधी पाहिले नाही, असे उत्तर मिळाले.

दिसणे आणि पाहणे यांतील हे अंतर हाच स्ट्रीट फोटोग्राफी, म्हणजेच रस्त्यावरील छायाचित्रणाचा मूळ विषय होय. वृत्तछायाचित्रकार नव्या शहरात वास्तव्यास गेल्यावर या माध्यमातून त्या शहराची ओळख कशी करून घेतो, त्या ओळखीचे ज्ञानात रूपांतर केव्हा होते आणि आपल्या महाविद्यालयांना त्यापासून काय घेता येईल, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी

वृत्तछायाचित्रणात घटना आधी असते व छायाचित्रकार तिच्यामागे जातो. रस्त्यावरील छायाचित्रणात जागा आधी असते आणि छायाचित्रकार तेथे घटनेची वाट पाहतो. सभा, मोर्चा, अपघात हे पहिल्याचे विषय. चहाच्या टपरीवरचे बोलणे, पावसात अडकलेला रिक्षावाला, रिकाम्या बाजारातील रखवालदार हे दुसऱ्याचे. १९२५ साली लायका हा लहान आकाराचा कॅमेरा बाजारात आला आणि गर्दीत मिसळून, कोणाचे फारसे लक्ष न वेधता छायाचित्र घेणे सुलभ झाले. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९५२ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ इंग्रजीत ज्या नावाने आला, त्यावरून ‘निर्णायक क्षण’ ही संकल्पना रूढ झाली. परंतु शहर समजून घेण्यासाठी क्षण पुरेसा नसतो. त्यासाठी काळ द्यावा लागतो. पुढील उदाहरणांवरून हे दिसून येईल.

परके शहर आणि छायाचित्रकार

जेकब रिस हे १८७० साली डेन्मार्कहून अमेरिकेत गेले. आरंभीची काही वर्षे त्यांनी बेकारीत व हलाखीत काढली. पुढे ते न्यूयॉर्कमध्ये पोलीस वार्ताहर झाले. शहरातील स्थलांतरितांच्या कोंदट चाळी त्यांनी नवीनच निघालेल्या फ्लॅश पावडरच्या उजेडात टिपल्या आणि १८९० साली ग्रंथरूपाने समाजापुढे ठेवल्या. त्यामुळे घरबांधणीच्या सुधारणांना मोठे बळ मिळाले. तथापि रात्री अंधाऱ्या खोलीत शिरून झोपलेल्या माणसांवर अचानक उजेड पाडण्याच्या त्यांच्या पद्धतीविषयी आज प्रश्न उपस्थित केला जातो. हेतू चांगला असला, तरी ज्यांचे छायाचित्र घेतले त्यांची संमती कोणी विचारली होती?

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारी येथे झाला. मुंबईत सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी तेथील मैत्रिणी व नित्याचे नागरी जीवन टिपले. त्यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध होत असत. १९४२ साली त्या दिल्लीस गेल्या आणि साडी नेसून, सायकलीवरून नव्या शहरात हिंडू लागल्या. सत्तांतराच्या काळातील राजधानीचे त्यांनी टिपलेले दर्शन आज इतिहासाचे साधन मानले जाते. १९७० च्या सुमारास त्यांनी छायाचित्रण थांबविले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण देण्यात आले.

सुधारक ओलवे : अकोल्याचा जन्म, मुंबईचे दर्शन

वऱ्हाडच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण सुधारक ओलवे यांचे होय. १९६६ साली अकोल्यात जन्मलेल्या ओलवे यांनी १९८८ पासून मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केले. महानगरातील वृत्तपत्राच्या छायाचित्रकारास चित्रपटतारे, राजकारणी, क्रिकेट असे विषय रोजच मिळतात. ओलवे यांनी त्यापलीकडे जाऊन मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांकडे कॅमेरा वळविला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी या कामगारांच्या कामाची व जीवनाची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ या त्यांच्या मालिकेच्या नावातच प्रतिष्ठा आणि न्याय हे दोन शब्द आहेत. २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ उपक्रमात त्यांच्या कामाचा गौरव झाला व २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कामाचे महत्त्व विषयाच्या निवडीपुरते मर्यादित नाही. मुंबईतील सफाई कामगार बहुतांशी दलित समाजातील आहेत. शहराचा कचरा उचलणारा व गटारात उतरणारा हा माणूस लाखो नागरिकांच्या डोळ्यांसमोर असतो. पण त्याचे असणे व्यवस्थेने गृहीत धरलेले असते. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारे कायदे १९९३ व २०१३ साली संमत झाले, तरी गटारात गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. अशा वेळी छायाचित्र हे साक्षीपुराव्याचे काम करते. मात्र एकदा जाऊन घेतलेल्या छायाचित्रात केवळ घाण दिसते. पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला त्या घाणीत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा, त्याचे घर, त्याची मुले दिसू लागतात. नवखेपणामुळे विषय सापडतो. टिकून राहिल्यामुळे तो समजतो.

येथे संत गाडगेबाबांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले बाबा परक्या गावात गेले की प्रथम हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. दिवसभर झाडताना जे गाव दिसले, तेच रात्री कीर्तनातील प्रश्नोत्तरांत उतरे. प्रथम रस्ता, नंतर उपदेश, असा हा क्रम आहे. ज्या भूमीने खराट्याची प्रतिष्ठा शिकविली, त्याच भूमीत जन्मलेल्या छायाचित्रकाराने खराटा धरणाऱ्यांना आपल्या कामाच्या केंद्रस्थानी आणावे, हा केवळ योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे.

संमती व प्रतिष्ठेचा प्रश्न

सार्वजनिक रस्त्यावर छायाचित्र घेण्यास भारतात सरसकट बंदी नाही. परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय दिला, त्यामुळे या प्रश्नाचा गांभीर्याने विचार करणे आवश्यक झाले आहे. कायद्याहूनही मोठा प्रश्न समतेचा आहे. प्राध्यापक वा अधिकारी यांचे छायाचित्र घेण्यापूर्वी आपण विचारतो. हमाल, भंगार वेचणारी स्त्री किंवा भिक्षेकरी यांना विचारत नाही. ज्याची प्रतिष्ठा समाजाने आधीच नाकारली, त्याच्या दैन्याचे देखणे चित्र काढून बक्षीस मिळविणे ही दुसरी अवहेलना ठरू शकते. म्हणून छायाचित्रातील व्यक्ती ते पाहून काय म्हणेल, हा प्रश्न छायाचित्रकाराने बटण दाबण्यापूर्वीच स्वतःला विचारावयास हवा.

अध्यापनातील उपयोजन

मेळघाट, दर्यापूर, मूर्तिजापूर अशा ठिकाणांहून अनेक विद्यार्थी शिक्षणासाठी अमरावती व अकोल्यास येतात. त्यांच्यासाठी ही नवी शहरे आहेत आणि बहुतेकांच्या हाती कॅमेरा असलेला मोबाईल आहे. समाजशास्त्र, भूगोल, इतिहास व मराठी या विभागांना पुढील पद्धतीचा एखादा प्रकल्प सहज हाती घेता येईल.

१. प्रत्येक विद्यार्थ्याने एकच रस्ता वा बाजार निवडून संपूर्ण सत्रभर ठरावीक वेळी तेथे जावे. श्रावणातील कावडयात्रेच्या दिवशी अकोल्यात सर्वच छायाचित्रे घेतात; दुसऱ्या दिवशी पहाटे तोच रस्ता कोण साफ करतो, हे पाहणाराच शहर ओळखू लागतो.

२. प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक, वेळ, स्थळ आणि संबंधित व्यक्तीचे शब्द तिच्याच वऱ्हाडी बोलीत नोंदवावेत. नोंदीविना छायाचित्राचे संशोधनमूल्य अल्प राहते.

३. चेहरा ओळखू येत असल्यास संमती घ्यावी. नकार मिळाल्यास तो वादाविना स्वीकारावा.

४. छायाचित्राची एक प्रत त्या व्यक्तीस नेऊन द्यावी. या दुसऱ्या भेटीत पहिल्या भेटीपेक्षा अधिक माहिती मिळते.

५. निवडक छायाचित्रे नोंदींसह महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन करावीत. आज सामान्य वाटणारे दृश्य वीस वर्षांनी दुर्मीळ होते. शकुंतला रेल्वेच्या गर्दीची छायाचित्रे आज ज्यांच्या संग्रही असतील, त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

समारोप

नवखेपण हे वृत्तछायाचित्रकाराचे भांडवल आहे. पण सवय जडताच ते संपू लागते. ते संपण्यापूर्वी ज्याने माणसांशी नाते जोडले, त्याला नव्या शहरात पुढेही दिसत राहते. रिस यांच्याकडून धैर्य, व्यारावाला यांच्याकडून चिकाटी आणि ओलवे यांच्याकडून विषयाशी असलेली निष्ठा घेता येते. तसेच रिस यांच्या मर्यादेवरून संमतीचे महत्त्वही कळते. प्रस्तुत लेखकाने अमरावतीत आल्यावर इतवाऱ्यातील त्या स्त्रियांचे एक छायाचित्र दुरून, न विचारता घेतले होते. ते अद्याप कोणास दाखविलेले नाही. त्यांच्यापाशी जाऊन नाव विचारण्यास पुढे बराच काळ लागला. शहराची खरी ओळख त्या दिवशी सुरू झाली, असे आता वाटते.