मातीच्या थरांत ॲल्युमिनियमचे खांब

बेंटोनाइट मातीतलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे. पाण्यात ते फुगून दूर होतात, पण तापवलं की पाणी उडतं आणि थर पुन्हा एकमेकांवर बसतात. आतला प्रचंड पृष्ठभाग असून नसल्यासारखा. म्हणून थरांमध्ये खांब उभारायचे. ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात कॉस्टिक सोडा थेंबथेंब, ढवळत घातला (घाई केली तर पांढरा साका येतो) की 13 ॲल्युमिनियम अणूंचा, +7 भाराचा पुंजका तयार होतो. थरांवर ऋणभार असल्याने हा पुंजका थरांमधल्या सोडियमला हटवून आत शिरतो. मग माती धुऊन 500 अंश सेल्सिअसला भाजली की पुंजक्याचं ऑक्साइड होतं, तेच खांब, आणि थरांमध्ये सुमारे 0.8 नॅनोमीटरची फट कायम राहते.

झिओलाइटसारखा सच्छिद्र उत्प्रेरक असताना हा खटाटोप कशाला, ही शंका रास्त आहे. 1973च्या तेलसंकटानंतर जड तेलाच्या भंजनासाठी (क्रॅकिंग) या मातीवर मोठी भिस्त ठेवली गेली. पण 700 अंशांच्या आसपासच्या वाफेत तिची रचना ढासळते. तिथे झिओलाइटच सरस. पण म्हणून ही माती निकामी ठरत नाही. सांडपाण्यातलं फिनॉल हायड्रोजन पेरॉक्साइडने मोडायला 100 अंशांखालचं तापमान पुरतं, आणि खांबांत थोडं लोह मिसळलेली माती ते काम चोख करते. शिवाय लोह खांबांतच बांधलेलं असल्याने पाण्यात फारसं उतरत नाही.