छातीतला भोपळा

मुलाला पोहायला शिकवताना त्याच्या कमरेला वाळलेला भोपळा किंवा बंद डबा बांधतात. आत हवा असते. म्हणून तो तरंगतो आणि मुलालाही तारतो. आपल्या छातीतही असाच भोपळा आहे. तो म्हणजे आपली फुप्फुसे.

आडातून पाणी काढताना बघा. भरलेली घागर पाण्यात असते तोवर हलकी लागते. पाण्याबाहेर आली की एकदम जड होते. असे का? पाणी तिला खालून उचलून धरते. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. आर्किमिडीज नावाच्या ग्रीक विद्वानाने ही गोष्ट सुमारे २२०० वर्षांपूर्वी सांगितली. वजनापेक्षा आधार जास्त, तर वस्तू तरंगते. आधार कमी, तर बुडते.

आता माणसाचे बघू. मोठ्या माणसाने छाती भरून श्वास घेतला, तर सुमारे ३ लिटर हवा आत जाते. तिचे वजन जेमतेम ४ ग्रॅम. पण अंग तेवढेच फुगते आणि ३ लिटर पाणी जास्त बाजूला सरते. म्हणजे वजन वाढले ४ ग्रॅम, आणि आधार वाढला ३ किलोचा! म्हणून छाती भरलेली असली की बहुतेक माणसे तरंगतात. सगळा श्वास सोडला की बहुतेक जण खाली जाऊ लागतात.

पाण्यात घाबरलेला माणूस कधी कधी ओरडत राहतो. छातीतली हवा निघून जाते. तो हात वर करतो. पाण्याबाहेरचा हात त्या घागरीसारखा जड होतो, आणि डोके खाली जाते.

मग करावे काय? उताणे व्हा. कान पाण्यात गेले तरी चालतील, नाक-तोंड वर ठेवा. छाती भरून श्वास घ्या. थोडा सोडा, लगेच पुन्हा घ्या. हात पाण्याखालीच हळूहळू हलवा. दम सावरला की मग हाक मारा.

काठावरच्या माणसांनी एकदम उडी घालू नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. दोर, धोतर, लुगडे किंवा झाकण लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे टाकावा.

ही युक्ती नुसती वाचून ठेवू नका. पट्टीच्या पोहणाऱ्याला बरोबर घ्या आणि कमरेइतक्या संथ पाण्यात करून बघा. घरातल्या मुला-मुलींनाही शिकवा.