हार्मोन्स, रक्ताच्या गुठळ्या आणि माला-एनचं पाकीट

कल्याणमध्ये २०२१ साली ट्रान्स व्यक्तींसाठी ‘मित्र’ क्लिनिक सुरू झालं. अमेरिकी सरकारच्या मदतीवर चालणारी अशी देशात तीनच केंद्रं होती: हैदराबाद, पुणे आणि आपलं कल्याण. हार्मोन्सबद्दल सल्ला मिळण्याची ती हक्काची जागा होती. जानेवारी २०२५ मध्ये मदत थांबली आणि तिन्ही बंद पडली. हैदराबादचं केंद्र पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा उभं राहिलं. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या ट्रान्स मुलींपैकी अनेकींना मात्र पुन्हा दोनच सल्लागार उरले, आधी हार्मोन्स घेतलेली एखादी ताई आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. दोघांच्याही मनात खोट नसते. पण त्यांच्याकडून जे कानावर येतं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं, आणि या विषयात चूक रक्ताची गुठळी होऊन थेट फुप्फुसापर्यंत जाते.

“माला-एन तर सरकार फुकट वाटतं, ती कशी वाईट असेल?” हा सगळ्यात घातक गैरसमज. पाकीट हातात घेऊन नीट बघा. २८ गोळ्या असतात. त्यातल्या सात तपकिरी गोळ्या निव्वळ लोहाच्या, उरलेल्या २१ पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या. प्रत्येक पांढऱ्या गोळीत ३० मायक्रोग्रॅम इथिनिल एस्ट्रॅडिऑल असतं. गर्भनिरोधासाठी दिवसाला एक गोळी पुरते. त्या मापात धोका कमी असतो. अशा गोळ्या घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला साधारण ५ ते १२ जणींना गुठळी होते, न घेणाऱ्यांत दोघींना. पण शरीर लवकर बदलावं म्हणून दिवसाला तीन-तीन गोळ्या घेतल्या की आकडा ९० मायक्रोग्रॅमवर जातो.

हा आकडा लक्षात ठेवा. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या ट्रान्स स्त्रियांना पूर्वी हेच औषध रोज १०० मायक्रोग्रॅम दिलं होतं, सोबत पुरुषी हार्मोन दाबणारं सायप्रोटेरॉन. १९८९ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलं की गुठळ्यांचं प्रमाण अपेक्षेच्या ४५ पट निघालं. नंतर त्यांनी चाळिशीपुढच्यांना त्वचेवरच्या पट्ट्या द्यायला सुरुवात केली.

दोष इथिनिलच्या रचनेत आहे. यकृत ते सहज मोडू शकत नाही. ते रेंगाळतं आणि रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवायला यकृताला डिवचत राहतं. शरीरात नैसर्गिकपणे बनतं ते एस्ट्रॅडिऑल वेगळं. एस्ट्रॅडिऑल व्हॅलरेटच्या गोळीतून शरीराला तेच मिळतं. आज भारतातल्या आणि बाहेरच्या जाणत्या डॉक्टरांचं यावर एकमत आहे: या उपचारात इथिनिल वापरायचंच नाही. पुरळ आणि पीसीओएससाठी मिळणाऱ्या सायप्रोटेरॉनच्या गोळ्यांतही ३५ मायक्रोग्रॅम इथिनिल असतं, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा.

आणखी एक फसगत होते. इथिनिल घेणारी मुलगी रक्तातलं एस्ट्रॅडिऑल तपासते, तेव्हा आकडा कमी येतो, कारण नेहमीच्या तपासणीत इथिनिल दिसतच नाही. “औषध लागू पडत नाहीये” असं वाटून ती गोळ्या वाढवते.

दुसरीकडे घरचे आणि काही डॉक्टरही सरसकट सांगतात, “हार्मोन्स घेतले की गुठळी ठरलेली.” ही भीती त्याच जुन्या औषधाच्या आकड्यांवर पोसली आहे. अलीकडचं चित्र वेगळं आहे. अमेरिकेत २८४२ ट्रान्स स्त्रियांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ वर्षांत, ट्रान्स नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत, हजारामागे सुमारे १७ जणींना जास्तीच्या गुठळ्या झाल्या. हा धोका खरा आहे, तो झाकून ठेवू नये. पण तो ठरलेलाही नाही. मला वाटतं, नुसतं घाबरवून परत पाठवणारा डॉक्टर मुलीला मेडिकलच्या दारात नेऊन सोडतो.

धोका किती, हे तुमचं शरीर आणि औषध घेण्याची वाट ठरवते. तोंडाने घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते. त्वचेवरचं जेल किंवा पट्टी ते वळण टाळते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवरच्या अभ्यासांत त्वचेवाटे दिलेल्या एस्ट्रॅडिऑलने गुठळ्या वाढल्याचं दिसलं नाही. जेल गोळीपेक्षा महाग पडतं, हे खरं. पण वय पंचेचाळिशीपुढे असेल किंवा आधी गुठळी होऊन गेली असेल, तर हीच वाट सुचवली जाते. सिगारेट, लठ्ठपणा, आई-वडिलांपैकी कुणाला झालेली गुठळी, हे सगळं पहिल्याच भेटीत सांगायचं. गुठळी होऊन गेली म्हणून दार कायमचं बंद होत नाही, तो निर्णय रक्त पातळ करणाऱ्या औषधांसह डॉक्टर घेतात. मनानेच रोज ॲस्पिरिन घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ऑपरेशन ठरलं तर हार्मोन्स लपवू नका आणि आपल्या मनाने बंदही करू नका. सर्जनला सांगा.

गुठळी सहसा पायात होते, म्हणून आता पायाकडे बघू. डोंबिवलीहून लोकलमध्ये उभं राहून आल्यावर दोन्ही पाय जड होतात. ती सूज वेगळी. गुठळीची सूज बहुतेकदा एकाच पायाला येते, पोटरी दुखते, गरम लागते. घरात शिंप्याची टेप असेल तर घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. एक पोटरी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरहून जास्त भरली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि डॉप्लर तपासणीबद्दल विचारा. फरक कमी भरला, पण दुखणं आणि सूज आहे, तरी जा. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर टेप शोधू नका, १०८ लावा. आणि रुग्णालयात कोणते हार्मोन्स घेता हे स्पष्ट सांगा. निदानाला आणि उपचाराला त्याची मदत होते.

२०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याने हार्मोन उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, यांपैकी एका ठिकाणी तरी आठवड्यातून एक दिवस यासाठी ओपीडी ठेवा, ही ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना कळकळीची विनंती.