एलडीएल नॉर्मल, आणि मेंदू?

सांगलीत माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात पडला की लोक एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा शोधतात. तो १००च्या आत दिसला की पाकीट बंद, मंडळी खूश. मेंदूच्या बाबतीत एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, असं माझं मत आहे.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ६० ते ९० वयाच्या हजारभर लोकांचे एमआरआय काढले गेले. ज्यांना कधी लकवा झालाच नव्हता अशांतही साधारण पाचांतल्या एकाच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटून मेलेले छोटे भाग सापडले. ना हात लुळा पडला, ना तोंड वाकडं झालं. पण अशांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. हे २००३ साली प्रसिद्ध झालं.

आता रक्ताकडे येऊ. हळदीच्या गोदामात पोती किती हे मोजता येतं. माल कुठल्या गावचा, ते मोजणीत उतरत नाही. एलडीएलचं तसंच आहे. कोलेस्टेरॉल यकृत बनवतं आणि आतडंही शोषतं. यकृताचा कारखाना जोरात असेल तर रक्तात लॅथोस्टेरॉल वाढतं. आतड्याची ओढ जास्त असेल तर सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल ही वनस्पतींतली द्रव्यं वाढतात. (शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ असं मिरवतात, त्याची मला गंमत वाटते. ते शेंगेत नसतंच. असतं ते सिटोस्टेरॉल.) औषधांपैकी स्टॅटिन कारखान्याला आवरतं, इझेटिमाइब शोषण रोखतं.

मेंदूचा संसार तर वेगळाच. वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच तिथे. रक्तातलं कोलेस्टेरॉल आत जात नाही. मेंदू स्वतःचं बनवतो आणि जादा झालेलं २४-एस-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल या रूपात रक्तात सोडतो. म्हणून संशोधक त्यावर डोळा ठेवून आहेत. पण निष्कर्ष एका सुरात नाहीत, आणि मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. रुग्णाने या चाचण्यांमागे धावण्यात अर्थ नाही.

एका चाचणीचा आग्रह मात्र मी धरते: लायपोप्रोटीन-ए. ते आनुवंशिक असतं, पथ्याने फारसं हलत नाही आणि वाढलेलं असेल तर हार्ट अटॅकबरोबर लकव्याचाही धोका वाढवतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली ते आयुष्यात एकदा तरी तपासायला सांगितलं आहे. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर म्हणजे जास्त.

हे वाचून कुणी स्टॅटिन बंद करू नये. लकवा होऊन गेलेल्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन दिल्यावर पुन्हा लकवा होण्याचं प्रमाण घटल्याचं २००६ च्या ‘स्पार्कल’ चाचणीत दिसलं होतं.

मेंदूतल्या बारीक वाहिन्यांचा सगळ्यात मोठा वैरी रक्तात नसतोच. तो आहे वाढलेला बीपी, आणि त्यासाठी माझ्या लॅबची पायरी चढावी लागत नाही. चाळिशी ओलांडली असेल तर या आठवड्यात बीपी मोजून घ्या.